गारठलेलं, जखमी करडू कसं वाचवाल?



पहाटे गोठ्यात जावं, तर रात्री व्यालेल्या शेळीचं एक करडू मान टाकून पडलेलं दिसतं. जुळ्या-तिळ्यांतलं धाकटं असतं बहुधा. आपण घाईघाईने वाटीभर दूध आणतो आणि त्याच्या तोंडात ओततो. घटकाभरात करडू मरतं. मग म्हणतो, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. पण पुष्कळदा ते या दुधानेच मरतं. गारठलेल्या करडाला नीट गिळता येत नाही. दूध पोटात न जाता फुप्फुसात उतरतं.

म्हणून आधी ऊब, मग दूध. करडाच्या तोंडात बोट घालून पाहा. तोंड गार लागलं, तर अंग आतूनही गार झालंय असं समजा. थर्मामीटर असेल तर गुदद्वारात लावून पाहावा. निरोगी करडाचं तापमान १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असतं. १०० च्या खाली गेलं की काळजीचं. ओलं अंग कोरड्या गोणपाटाने चोळून पुसा. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना लावा. चुलीजवळ टोपलीत करडू ठेवायची जुन्या बायकांची रीत चांगलीच आहे. धूर मात्र लागू देऊ नका, आणि धग आपल्या हाताला सोसेल तेवढीच असावी.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. करडू जन्मून पाच-सहा तास झाले असतील आणि ते उपाशीच असेल, तर रक्तातली साखर संपत आलेली असते. अशाला नुसती ऊब दिली तर झटके येतात. बोट गुळाच्या पाण्यात बुडवून हिरड्यांना चोळा आणि लगेच पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. ते ग्लुकोज देतील.

करडू मान धरू लागलं, बोट चोखू लागलं, की शेळीचा चीक कोमट करून बाटलीने पाजा. वजनाच्या दर किलोला ५० मिलिलिटर एका वेळी, म्हणजे दोन किलोच्या करडाला १००. पहिल्या दिवसात असं चार वेळा. चिकातली रोगाशी लढणारी ताकद पहिल्या काही तासांतच आतड्यातून अंगात शिरते, दिवस उलटला की ती वाट बंद होते. म्हणून चीक 'घाण' समजून फेकू नका. पाजताना करडू उभं किंवा पोटावर बसलेलं असावं, उताणं कधीच नको. अन् त्याला आईच्या नजरेआड फार वेळ ठेवू नका, शेळी नंतर जवळ घेत नाही.

हगवण लागली तर मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती हळूहळू बसली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजा. हे पाणी दुधात मिसळू नका, दोन तासांचं अंतर ठेवा. हगवणीत रक्त दिसलं तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा. माणसाची गोळी तर मुळीच नको.

पाय मोडला असेल आणि हाड कातडीबाहेर आलं नसेल, तर कापूस गुंडाळून बांबूच्या दोन कामट्या बांधा. मोडल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा कामट्यांत आला पाहिजे. संध्याकाळी खूर चाचपून पाहा. तो गार किंवा सुजलेला लागला, तर पट्टी आवळली गेली आहे, सैल करा. हे तात्पुरतं, पाय डॉक्टरांना दाखवाच.

कुत्रा चावला असेल तर गोष्ट निराळी. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना भरू नका, जखम बांधू नका. त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जा. जखम धुताना त्या करडाची लाळ तुमच्या हातावरल्या ओरखड्याला लागली असेल, तर तुम्हीही दवाखान्यात दाखवा.