लिंबांच्या गावी हवापालट

‘हवापालट’ हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेलाच. आमच्या लहानपणी मात्र तो घरात फार जपून उच्चारला जाई. माजघरात आजोबांच्या धाकट्या बहिणीचा एक फोटो होता. “ही कोण?” असे विचारले, की आजी म्हणे, “तुमची आत्याआजी. पाचगणीला हवापालटासाठी गेली होती.” गेली होती, एवढेच! परत आली का, हे विचारण्याची सोय नव्हती. १९४४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती क्षयाने वारली, हे मला एम. ए. झाल्यावर कळले.

ही आत्याआजी मला पुन्हा भेटली ती पाचगणीला नव्हे, फ्रान्समध्ये, भूमध्य समुद्राच्या काठी. कशी, ते सांगतो.

आमचा भाचा नोकरीनिमित्त नीस शहरी असतो. मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. एका रविवारी तो म्हणाला, “मामा, आज मांतोंला जाऊ. मामींना समुद्र हवा आहे ना?” नीसहून आगगाडीने पाऊण तासाच्या आतच आपण तेथे पोचतो. वाटेत बोगदे, मध्ये मोनॅकोचे छोटे राज्य, आणि इटलीच्या हद्दीला अगदी खेटून हे गाव. एके काळी ते मोनॅकोच्याच ताब्यात होते. १८६१ साली तेथील राजाने हे गाव आणि शेजारचे रोकब्रून ४० लाख फ्रँक घेऊन फ्रान्सला देऊन टाकले.

गाव दिसते मात्र चित्रासारखे! पिवळी, केशरी, गुलाबी घरे टेकडीवर एकमेकांच्या खांद्यावर चढलेली, वर देवळाचा उंच मनोरा, खाली निळेभोर पाणी. आमच्या सौभाग्यवतीचे माहेर रत्नागिरीचे. तिने किनाऱ्यावर पाऊल टाकले आणि लगेच मागे घेतले. कारण वाळू नव्हे, गोटे! तास-दोन तास बसल्यावर तिची दुसरी तक्रार आली, “अरे, या समुद्राला ओहोटी केव्हा लागते?” भाचा हसून म्हणाला, “मामी, हा समुद्र आहे तिथेच असतो.” भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी अगदी नावापुरती. त्यावर सौ. म्हणाली, “म्हणजे तळेच की!”

दुकानांतून पाहावे तिकडे लिंबू. लिंबाचा मुरंबा, लिंबाचा साबण, लिंबाचे मद्य. पाठीशी आल्प्सचे डोंगर भिंतीसारखे उभे राहून उत्तरेचे वारे अडवतात, म्हणून थंडीला भिणारे हे झाड येथे सुखाने वाढते. स्वर्गातून निघताना ईव्हने एक लिंबू लपवून आणले आणि येथे पुरले, अशी गावची दंतकथा आहे. १९३४ साली येथे लिंबांचा उत्सव सुरू झाला. फेब्रुवारीत लिंबू-संत्र्यांनी मढवलेले चित्ररथ निघतात. मौज अशी, की त्यासाठी लागणारी बहुतेक फळे स्पेनमधून आणावी लागतात! आम्हीही सरबत घेतले. सौ.ने मनातल्या मनात किमतीचे रुपये केले आणि उरलेले दोन घोट तिला कडू लागले.

दुपारी पायऱ्या चढून जुन्या गावात गेलो. सेंट मायकेलच्या देवळावरून आणखी वर गेले, की जुन्या किल्ल्याच्या जागी दफनभूमी लागते. समुद्राचे याहून सुंदर दर्शन गावात कोठे होत नसेल. रग्बीच्या आख्यायिकेतला विल्यम वेब एलिस येथेच पुरला आहे. पण माझे लक्ष गेले ते इतर शिळांकडे. इंग्रज, रशियन, जर्मन नावे, आणि वये? बावीस, सव्वीस, एकतीस. ही माणसे येथे पर्यटनाला आली नव्हती.

१८५९ साली जेम्स हेन्री बेनेट नावाचा एक इंग्रज डॉक्टर क्षयाने पोखरलेली छाती घेऊन येथे आला, तो मरणाच्याच तयारीने. तो बरा झाला आणि १८९१ पर्यंत जगला! त्याने या हवेवर पुस्तक लिहिले आणि युरोपभरचे रोगी हिवाळ्यात मांतोंची वाट धरू लागले. दहा वर्षांनी आगगाडी आली. राजवाड्यांसारखी हॉटेले उठली. उन्हाळ्यात ती चक्क बंद असत. समुद्रस्नानाचा हंगाम ही पुढच्या शतकातली गोष्ट. १८७३ च्या हिवाळ्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन येथे प्रकृतीसाठी येऊन राहिला. कथालेखिका कॅथरीन मॅन्सफील्ड १९२० मध्ये आली; तिचाही आजार क्षयाचाच, आणि १९२३ च्या आरंभी ती गेली.

हवेने बेनेट वाचला की त्याच्या नशिबाने, कोण सांगणार? क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखवले, तरी औषध हाती यायला आणखी साठ वर्षे लागली. तोवर श्रीमंतांना मांतों आणि आमच्यासारख्यांना पाचगणी! स्ट्रेप्टोमायसिनचा शोध अमेरिकेत १९४३ साली लागला. आत्याआजी गेली ती त्याच्या पुढच्याच वर्षी. औषध जगात आले होते. आमच्या घरापर्यंत आले नव्हते.

एका शिळेपाशी सौ. थबकली. एकोणीस वर्षांची मुलगी. नाव आम्हाला नीट वाचता आले नाही. सौ.ने वाटेत उचललेले कसलेसे रानफूल तेथे ठेवले आणि हलकेच म्हणाली, “हिच्याही घरी कोणीतरी ‘हवापालटाला गेली आहे’ असेच सांगत असेल, नाही?”

खाली किनाऱ्यावर रंगीत छत्र्या उघडल्या होत्या. मुले पाण्यात ओरडत होती. त्यांना या टेकडीची वार्ता नव्हती, आणि नसावी हेच बरे. जेथे माणसे श्वासासाठी तळमळली, तेथे आज मुले मोकळा श्वास घेत डुंबतात, याहून चांगला हवापालट तो कोणता?

घरी परतल्यावर मी माळ्यावरून तो फोटो काढला, काच पुसली आणि दिवाणखान्यात लावला. परवा धाकट्या मुलीने विचारले, “बाबा, ही कोण?” या वेळी मी सगळे सांगितले.