बोर्डाची परीक्षा सोपी होतेय, पण आमचा अभ्यास बोर्डासाठी होताच कुठे?

५४ सेकंद.

एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. भागाकार केला की एका प्रश्नाच्या वाट्याला एवढाच वेळ येतो. प्रश्न वाचायचा, सूत्र आठवायचं, आकडेमोड करायची आणि चारातल्या एका पर्यायावर क्लिक करायचं. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे येत नसेल तर अंदाजाने काहीतरी ठोकायचं आणि पुढे सरकायचं.

मी अकरावी-बारावीची दोन वर्षं या ५४ सेकंदांची तयारी केली आणि आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. म्हणूनच ‘नव्या शैक्षणिक धोरणामुळे घोकंपट्टी संपणार’ असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, नक्की कोणत्या परीक्षेतली?

आधी धोरण काय म्हणतं ते बघू. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते मंजूर केलं आणि १९८६ च्या धोरणाची जागा त्याने घेतली. ५+३+३+४ ही रचना आता सगळ्यांनी ऐकलेली आहे, ती सोडून देऊ. परीक्षांबद्दल मात्र हा कागद बराच स्पष्ट बोलतो. बोर्डाच्या परीक्षा, प्रवेश परीक्षा आणि त्यातून फोफावलेले क्लास यांनी मुलांचं नुकसान होतंय, हे त्यात सरळ मान्य केलंय. बोर्डात पाठांतराऐवजी समज तपासा, वर्षातून दोन संधी द्या, प्रगतिपुस्तक नुसतं मार्कांचं नको, असे उपायही सुचवलेत. त्यातलं काही प्रत्यक्षात येतंय. सीबीएसईने २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घ्यायचं ठरवलं.

मग अडलंय कुठे?

ज्या परीक्षेचे मार्क प्रवेशाला धरले जातात, तिचाच अभ्यास होतो. राज्यात इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेवर लागते. बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि सोबतचा एक विषय मिळून ४५ टक्के असले की खुल्या गटातला विद्यार्थी पात्र ठरतो, आरक्षित गटांसाठी ४० टक्के. त्यापुढे बारावीला ५० पडले काय आणि ९० पडले काय, यादीतली जागा सीईटीचा पर्सेंटाइल ठरवतो. मेडिकलला नीट. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांत बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश मिळायचे, तिथेही २०२२ पासून सीयूईटी आली. म्हणजे बोर्डाची परीक्षा सुधारायला घेतली, आणि त्याच काळात तिचं वजन कमी होत गेलं.

याचा परिणाम कॉलेजात दिसतो. ‘इंटिग्रेटेड’ नावाचा प्रकार पालकांना सांगायला नको. नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, मूल दिवसभर क्लासात. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितलं. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेऊ नका अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. (अकरावीतलं बहुतेक मूल सोळाचं असतंच.) दोन्ही उपाय मुलाने कुठे बसावं हे सांगतात. त्याला कॉलेजात बसायचं कारण मात्र कुणी देत नाही.

सगळ्यात आधी मरते ती प्रयोगशाळा. बारावीला भौतिकशास्त्रात ७० मार्कांचा पेपर आणि ३० मार्कांचं प्रात्यक्षिक असतं. सीईटीत ब्युरेट हातात धरावी लागत नाही, मग टायट्रेशन कशाला शिकायचं? आमच्यातल्या कित्येकांनी जर्नल मित्राच्या जर्नलवरून उतरवलं. आता पहिल्या वर्षाला लॅबमध्ये व्हर्नियर कॅलिपरचं रीडिंग घेताना नव्वदच्या वर पर्सेंटाइल मिळवलेली मुलं एकमेकांकडे बघतात.

खरा फटका मात्र वेगळ्यांनाच बसतो. तालुक्याच्या गावात क्लास नसतो, किंवा असला तर त्याची फी परवडत नाही. तिथल्या मुलीकडे कॉलेजचे सर असतात आणि बोर्डाचं पुस्तक. सीईटीचा अभ्यासक्रम तोच आहे, हे खरं. पण तीन तासांच्या लेखी पेपरात सविस्तर उत्तर मांडणं वेगळं आणि ५४ सेकंदांचा वेग वेगळा. तो वेग सराव परीक्षांनी येतो, आणि त्यांना पैसे पडतात.

यावर नेहमीचं उत्तर असं, की बोर्डाचे मार्क धरायचे कसे? प्रत्येक बोर्डाची मार्क देण्याची पद्धत वेगळी, काही केंद्रांवर कॉपी चालते. आक्षेप रास्त आहे. सगळे प्रवेश पुन्हा बारावीवर न्या, असं मीही म्हणणार नाही.

पण एक वाट आधीच वापरात आहे. जेईईतून आयआयटी किंवा एनआयटीत जायचं तर खुल्या गटाच्या विद्यार्थ्याला बारावीत ७५ टक्के लागतात, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. दुसरी अट महत्त्वाची, कारण तिथे तुलना त्याच बोर्डातल्या मुलांशी होते. दोन बोर्डांचे मार्क एकमेकांशी ताडायचा प्रश्नच येत नाही. सीईटीची ४५ टक्क्यांची अट या धर्तीवर बदलता येईल, आणि प्रात्यक्षिकात वेगळं उत्तीर्ण व्हायची अट घालून ते बाहेरच्या परीक्षकासमोर खरोखर घेता येईल.