यीस्टमधले तेल बाहेर कसे काढायचे?

भुईमुगाचा अख्खा दाणा कागदावर फिरवा. डाग पडत नाही. तोच दाणा चेचून घासला, की कागद तेलकट होतो. तेल दाण्यातच होते. पेशी फुटल्यावर ते बाहेर आले.

काही यीस्टच्या पेशींतही असेच तेल साठते. पुणे विद्यापीठात अभ्यासले गेलेले 'यारोविया लिपोलिटिका' हे सागरी यीस्ट त्यांपैकीच. अशा तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया घडवली, की बायोडिझेल मिळते. यीस्टला वाढायला साखर लागते, आणि देवळाली प्रवरा परिसरासारख्या ऊसपट्ट्यात मळी व चिपाड मुबलक असते. मग अडते कुठे?

यीस्टची पेशी इतकी लहान, की एका मिलिमीटरात सुमारे दोनशे मावतील. शिवाय तिची भित्तिका चिवट असते. घाण्यात ती चिरडत नाही. द्रावकाने तेल काढायचे, तर आधी लगदा वाळवावा लागतो. येथे थोडे गणित करू.

लगद्यात ८० टक्के पाणी आहे असे समजा. म्हणजे १ किलो कोरड्या पेशींमागे ४ किलो पाणी. १ किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २.६ मेगाज्यूल, म्हणजे एकूण १०.४ मेगाज्यूल ऊर्जा लागेल. पेशींत ३० टक्के तेल असेल, तर त्या ०.३ किलो तेलातून सुमारे ११.४ मेगाज्यूल मिळतील. जवळजवळ सारी कमाई वाळवण्यातच गेली!

म्हणून पेशी ओल्या असतानाच फोडायला हव्यात. मुंबईच्या यूडीसीटीमध्ये (आताची आयसीटी) सावे, पंडित व जोशी यांनी १९९०च्या दशकात यासाठी उपयोगी पडेल असा मार्ग दाखवला. यीस्टमिश्रित पाणी पंपाने अरुंद वाटेतून सोडले, की वेग वाढतो, दाब घटतो आणि बारीक बुडबुडे तयार होतात. पुढे दाब वाढताच ते कोसळतात व त्या धक्क्याने पेशी फाटतात. त्यांचा उद्देश प्रथिने मिळवण्याचा होता. पण भित्तिका फोडण्याचे तत्त्व तेलालाही लागू पडते. ध्वनितरंगांनी पेशी फोडण्यापेक्षा या पद्धतीत ऊर्जाही बरीच कमी लागली.

तरीही एक अडचण उरते. फुटलेल्या पेशींतील तेल पाण्यात दुधासारखे मिसळून राहते. ते वेगळे करण्यास पुन्हा ऊर्जा खर्चावी लागते. इंधनाची किंमत नुसत्या लिटरांत मोजून चालत नाही.

वर्गात विचारा: तेल ६० टक्के असेल, किंवा पाणी ६० टक्केच असेल, तर वरचा हिशेब कसा बदलेल?