बिल्ला तुमच्या खिशात

संगणकावर क्रोम उघडा, जिथून तुम्ही पुस्तकं किंवा किराणा मागवता अशा एखाद्या साइटवर जा आणि कीबोर्डवरची एफ-१२ ही कळ दाबा. पडद्याच्या एका बाजूला त्या पानाची आतली यंत्रसामग्री उघडी पडते. वरच्या पट्टीत ‘ॲप्लिकेशन’ शोधा, मग डावीकडे ‘कुकीज’. एक तक्ता समोर येतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ एकाच ओळीकडे बघत बसले होते. नाव: सेशन-आयडी. त्यापुढे एक लांबलचक आकडा. मग दुकानाचा पत्ता आणि मुदत संपण्याची तारीख. बस्स. माझं नाव नाही, फोन नंबर नाही, आठवड्यापूर्वी कार्टमध्ये टाकून ठेवलेल्या तीन पुस्तकांची नावंही नाहीत. तरीही वर कोपऱ्यात माझं नाव झळकत होतं आणि तिन्ही पुस्तकं जागच्या जागी होती. दुकानाला माझी ओळख पटत होती ती माझ्याच संगणकावर पडलेल्या त्या आकड्यामुळे.

याचं नवल कळायला वेबचा स्वभाव माहीत हवा. वेब जन्मतःच विसराळू आहे. युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये त्याची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणं सहज वाचता यावीत म्हणून. ब्राउझरने पान मागायचं, सर्व्हरने ते द्यायचं, व्यवहार संपला. पुढच्याच क्षणी त्याच माणसाने दुसरं पान मागितलं तरी सर्व्हरच्या लेखी तो नवाच. यात शहाणपण होतं: कोण आलं, कोण गेलं हे लक्षात ठेवायचं नसल्यामुळे सर्व्हरवर भार पडत नाही. टिपणं वाचायला एवढं पुरतं. दुकान चालवायला पुरत नाही. एका पानावर सदरा निवडावा आणि पुढच्या पानावर पैसे भरायला जावं, तर दुकानदार विचारणार, ‘आपण कोण?’

१९९४ च्या जूनमध्ये हा प्रश्न लू माँटुली या तेवीस वर्षांच्या अभियंत्यापुढे आला. पुढे नेटस्केप या नावाने गाजलेल्या कंपनीत तो ब्राउझर घडवत होता. एमसीआय या अमेरिकी टेलिफोन कंपनीला वेबवर दुकान थाटायचं होतं, पण लोकांच्या अर्धवट राहिलेल्या खरेदीचा पसारा आपल्या सर्व्हरवर नको होता. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकणं. माँटुलीने तो बाजूला ठेवला, कारण तसं केलं असतं तर तोच क्रमांक सगळ्या साइट्सना दिसला असता आणि माणसाचा माग काढणं अगदी सोपं झालं असतं. त्याऐवजी त्याने ठरवलं की प्रत्येक साइटने आपापली खूण द्यावी, ब्राउझरने ती सांभाळावी आणि जिची तिलाच परत दाखवावी. युनिक्सवर काम करणारे प्रोग्रॅमर अशा खुणेला ‘मॅजिक कुकी’ म्हणत. त्यातली जादू गळाली, कुकी उरली.

आपल्याकडे तिला बिल्ला म्हणता येईल. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळतो तोच. पत्र्याचा चपटा तुकडा, त्यावर ठोकलेला आकडा: ४७. चपला कोल्हापुरी आहेत की रबरी, हे बिल्ल्यावर लिहिलेलं नसतं. रस्त्यात सापडला तर अनोळखी माणसाला त्यातून काहीही कळत नाही. पण स्टँडवरच्या मावशींच्या हातात पडला की खण नेमका सापडतो. हजार चेहरे लक्षात ठेवायला नकोत. आठवण ज्याची त्याच्या खिशात.

ब्राउझरमध्ये हे असंच चालतं. सर्व्हर पान पाठवतो तेव्हा मजकुराच्या वर, आपल्याला न दिसणारी एक ओळ असते: सेट-कुकी, म्हणजे ‘हा बिल्ला ठेव’. त्यानंतर त्या साइटकडे जाणाऱ्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर तो आपण होऊन दाखवतो, प्रत्येक चित्रासाठी आणि प्रत्येक क्लिकला. एका कुकीची जागा साधारण ४०९६ बाइट्स, तीही साध्या मजकुराची. कुकी म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. ती तुमच्या फोनमधले फोटो चाळू शकत नाही. मराठी अक्षरं तर तिच्यात थेट बसतही नाहीत. सहसा ती टक्क्याच्या खुणा आणि रोमन अक्षरांत उलगडून लिहिली जातात, मग एका ‘क’ची ९ चिन्हं होतात आणि ‘मुंबई’ची ४५.

पासवर्ड आपण एकदाच टाकतो आणि नंतर दिवसभर मेल उघडाच राहतो, तोही या बिल्ल्यामुळे. म्हणून तो चोरीला जाणं पासवर्ड चोरीला जाण्याइतकंच वाईट असतं. तो हाती लागलेल्या माणसाला बहुतेक वेळा ओटीपीसुद्धा विचारला जात नाही, कारण सर्व्हरला वाटतं तुम्हीच आहात. सायबर कॅफेत फॉर्म भरून झाल्यावर नुसती खिडकी बंद करू नये ते याच कारणासाठी. नीट लिहिलेल्या साइटवर ‘लॉग आउट’ दाबलं की सर्व्हर तो बिल्लाच रद्द करतो. खिडकी बंद केल्याने तसं होईलच याचा भरवसा नसतो.

आता गोष्टीतला अवघड भाग. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानाच्या साइटवर प्रेशर कुकर पाहिला, घेतला नाही. संध्याकाळी बातम्या वाचायला दुसरीच साइट उघडली तर मजकुराच्या मधोमध तोच कुकर, त्याच लाल रंगाच्या हँडलचा. मला ते भीतिदायक वाटलं. एका साइटचा बिल्ला दुसरीला दिसत नाही, हाच तर नियम होता ना?

नियम मोडलेलाच नव्हता. अशी कल्पना करा की जेजुरी, आळंदी, पंढरपूर सगळीकडचे चप्पल स्टँड एकाच ठेकेदाराकडे आहेत. जेजुरीला त्याने तुम्हाला ४७ नंबर दिला. आळंदीला तोच नंबर तुम्ही त्याच्याच माणसाला दाखवला. त्याने वहीत लिहिलं: ४७ सकाळी जेजुरीला, दुपारी आळंदीला. तुमचं नाव त्याला ठाऊक नाही, पण तुमची वारी ठाऊक आहे. वेबचं पान एकसंध दिसतं, तरी त्याचे तुकडे निरनिराळ्या सर्व्हरवरून येतात. दुकानाच्या पानावर आणि बातम्यांच्या पानावर एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा असेल, कधी कधी डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याएवढं चित्रही, तर ब्राउझर इमानाने तिचा बिल्ला तिलाच दाखवतो. तो कुठल्या साइटवरून आला हेही सोबत कळतं. यालाच थर्ड-पार्टी कुकी म्हणतात. जो कायमचा क्रमांक माँटुलीने टाळला होता, तो मागच्या दाराने आत आला.

हे तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं होतं, याचं मला फार वाटतं. १९९७ च्या फेब्रुवारीत कुकीची पहिली औपचारिक नियमावली आली आणि तिच्या दोन लेखकांपैकी एक स्वतः माँटुली होता. अशा परक्या कुकी ब्राउझरने आपण होऊन स्वीकारू नयेत, असं तिच्यात स्पष्ट सुचवलं होतं. मोठ्या ब्राउझरनी ते मानलं नाही. सफारीने सगळ्या थर्ड-पार्टी कुकी रोखायला २०२० उजाडलं. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटसाठी वेगळी बरणी ठेवली, म्हणजे ठेकेदार एकच असला तरी त्याला प्रत्येक देवळाशी नवा नंबर द्यावा लागतो. मला हा उपाय सगळ्यांत देखणा वाटतो. क्रोमने २०२० मध्ये या कुकी हद्दपार करण्याचं जाहीर केलं, २०२४ मध्ये तो बेत सोडला.

त्यामुळे क्रोम वापरणाऱ्याने, म्हणजे बहुतेक अँड्रॉइड फोनवाल्यांनी, हे स्वतः करायचं. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि तिथे ‘थर्ड-पार्टी कुकीज’; काही फोनवर हे ‘साइट सेटिंग्ज’च्या आत सापडतं. तिथे ‘ब्लॉक’ निवडा. क्वचित एखादी साइट कुरकुरते, तर तिच्यापुरती सूट देता येते. सगळ्या कुकी बंद करायच्या भानगडीत मात्र पडू नका. वेब पुन्हा १९९३ सारखा विसराळू होईल आणि कुठेच लॉग इन करता येणार नाही. इन्कॉग्निटो खिडकीतले बिल्ले त्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की फेकले जातात, एवढाच तिचा उपयोग. तुमचं इंटरनेट पुरवणाऱ्याला ती काही लपवत नाही. आणि फोन हळू चालतो म्हणून साफसफाई करणार असाल तर ‘कॅश’ पुसा, तिथे चित्रं साठतात. कुकी पुसल्याने जागा जवळपास काहीच मोकळी होत नाही, लॉग इन मात्र सगळीकडे पुन्हा करावं लागतं.

पान उघडताच तोंडावर येणारी ती परवानगीची पाटी मुळात युरोपातल्या कायद्यांची देणगी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. ‘नको’ म्हणणं ‘हो’ म्हणण्याइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने २०२२ च्या सुरुवातीला गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातली एक तरतूद मला मनापासून आवडते: संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यायला हवी. त्या अनुसूचीत मराठी आहे. ती पाटी आपल्या आईला तिच्या भाषेत वाचता येणार असेल, तर ‘नाकारा’ हे बटण तिलाही सापडेल.

परवा पुन्हा तो तक्ता उघडला. सेशन-आयडीच्या ओळीवर क्लिक केलं, डिलीटची कळ दाबली आणि पान ताजं केलं. कोपऱ्यातलं माझं नाव गेलं, तिथे ‘साइन इन’ आलं. कार्ट रिकामी. तक्त्यात मात्र त्याच जागी नवी ओळ होती, नव्या आकड्याची. दुकानाने दारातच नवा बिल्ला दिला होता, अनोळखी गिऱ्हाइकाला देतात तसा. मी पासवर्ड टाकला. तिन्ही पुस्तकं परत आली. ती सगळा वेळ दुकानाच्याच खणात होती. पुसला गेला होता तो फक्त माझ्या खिशातला आकडा.