पोलादी ढगाचा हिशेब

अमेरिकेतील शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये पोलादाचा एक ढग जमिनीवर उतरला आहे. ‘क्लाउड गेट’ हे त्याचे नाव. घेवड्याच्या दाण्यासारख्या आकारामुळे शहरवासी मात्र त्याला ‘द बीन’ म्हणतात. शिल्पकार अनिश कपूर यांचा जन्म १९५४ साली मुंबईत झाला. पाऱ्याच्या थेंबावरून त्यांना ही कल्पना सुचली. शिल्पाची लांबी ६६ फूट, उंची ३३ फूट, वजन सुमारे १०० टन.

आरंभीचा अंदाज ६० लाख डॉलरचा होता. अखेरचा आकडा २ कोटी ३० लाखांवर गेला. कोणाही व्यापाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडाव्यात, अशीच ही वाढ. सरकारी तिजोरीला तोशीस लागली नाही, भार देणगीदारांनी उचलला, एवढेच समाधान.

पैसा गेला तो बराचसा सांधे पुसण्यात. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जागेवरच जोडले गेले. जुलै २००४ मध्ये उद्यान खुले झाले, तेव्हा शिल्प अपुरेच होते. पत्र्यांमधील रेघा उघड दिसत होत्या. तयार झाले, असे म्हणून हात झटकणे तेव्हा सोपे होते. तसे झाले नाही. पुन्हा तंबू ठोकून प्रत्येक सांधा टप्प्याटप्प्याने घासला गेला. शेवटच्या झिलईस जवाहीर वापरतात तशी तांबडी भुकटी लागली. १५ मे २००६ रोजी लोकार्पण झाले.

आता त्यात मुख्यतः आकाशच दिसते. कमानीखालून जाणाऱ्यांच्या बोटांचे ठसे मात्र खालच्या भागावर रोज उमटतात, आणि रोज पुसले जातात.