बोर्डोच्या १९६१ सालच्या रेड वाइनमागचे हवामान

फ्रान्सच्या बोर्डो प्रदेशातील १९६१ सालची रेड वाइन विसाव्या शतकातील सर्वोत्तम वाइनमध्ये गणली जाते, आणि तिच्या थोरवीचे मूळ त्या वसंतातील थंडीत आहे. वेली फुलोऱ्यात असताना गारठा पडल्याने फळधारणा खुंटली व उत्पादन कमालीचे घटले. परंतु उरलेल्या मोजक्या घडांना वेलीचे सारे पोषण मिळाले.

पुढे ऑगस्ट कोरडा आणि सप्टेंबर उन्हाचा गेल्यामुळे मणी लहानच राहिले. रेड वाइनचा रंग आणि टॅनिन, म्हणजे तिला तुरटपणा व दीर्घायुष्य देणारे द्रव्य, मुख्यतः सालीतून उतरत असल्याने, रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढणे येथे निर्णायक ठरले.

याउलट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत द्राक्षांतील साखर झपाट्याने वाढून आम्लता घसरली, त्यामुळे त्या सालच्या कित्येक वाइन ताजेपणात उण्या पडल्या.