पी हळद नि हो गोरी?

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात वसलेले बेला हे गाव आज तेलंगणात असले, तरी येथील कितीतरी घरांत चुलीजवळची भाषा मराठीच आहे. तेलुगू शेजारीण जिला ‘पसुपु’ म्हणते, ती आपली हळद. ती उंबरठ्याला लावते, आपण वधूवरांना लावतो. फोडणीत मात्र दोघीही घालतात.

तसे पाहता आपण हळदीच्या मुलखातच राहतो. उत्तरेस वर्ध्याकडील वायगाव, पश्चिमेस वसमत, दक्षिणेस निजामाबाद. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, तर निजामाबादेस २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले. जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द करविले. आजीबाईच्या बटव्याचा हा विजयच म्हणावयाचा!

हळदीतील मुख्य द्रव्य कर्क्युमिन. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. मिऱ्यांच्या सोबतीने ते अंगी अधिक लागते. म्हणजे तेलाच्या फोडणीत चिमूटभर हळद घालणाऱ्या, हळदीच्या दुधात मिरपूड टाकणाऱ्या आपल्या आज्या काही चुकत नव्हत्या. मात्र तेल फार तापले की हळद करपून कडवटते. म्हणून मोहरी तडतडल्यावर, आच मंद करूनच ती घालावी. थंडीत ओली हळद मिळाली, तर तिच्या बारीक चकत्या करून आले, लिंबाचा रस व मीठ घालावे. जेवणात तोंडी लावण्यास हे लोणचे फार रुचकर लागते.

परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चमचाभर हळदीत कर्क्युमिन साधारण तीनच टक्के असते. ती रोजच्या आहाराची सोबतीण आहे, दुखण्यावरचे औषध नव्हे. तिचा अर्क भरलेल्या गोळ्या मनानेच घेऊन यकृतास इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. पित्ताशयात खडे असलेल्यांनी, रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून त्यांच्या वाटेस जाऊ नये.

दुसरी काळजी भेसळीची. पिवळा रंग खुलावा म्हणून काही ठिकाणी शिसेयुक्त लेड क्रोमेट मिसळतात. शिसे मुलांच्या मेंदूस घातक असते. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून पाहावी: शुद्ध हळद तळाशी बसते व पाणी फिकट पिवळे राहते, पाणी गडद पिवळे झाले तर शंका घ्यावी. ही परीक्षा ढोबळच होय. त्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याकडून, पॉलिश न केलेली हळकुंडे आणून, धुऊन-वाळवून दळून घ्यावीत. दळणाचा खटाटोप खरा. पण वर्षभराच्या हळदीसाठी एवढे कष्ट घ्यावयास आमच्या भगिनी मागे सरणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.